हिंगोलीच्या गोष्टी, हिंगोलीचा कॅमेरा

1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा आहे: हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 11 लाख 77 हजारांवर होती. एवढ्या माणसांच्या जगण्यात गोष्टींना काय तोटा! पण बाहेरचा कॅमेरा मराठवाड्यात येतो तो बहुतेक वेळा दुष्काळाची नाहीतर आत्महत्येची बातमी घ्यायला, आणि बातमी झाली की परत फिरतो. नर्सी नामदेवच्या वाटेवरची दिंडी, मोंढ्यातला हळदीचा लिलाव, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची वाट पाहणारे घर, तांड्यावरच्या लग्नाची रात्र हे सगळे पडद्यावर यायचे असेल तर ते इथल्याच पोरापोरींनी आणायला हवे. त्यासाठी मुंबई-पुणे गाठेपर्यंत किंवा लाखभर रुपये जमेपर्यंत थांबायचे कारण नाही. लघुपटाची गोष्ट कशी निवडायची, पैसा कुठे घालायचा, कोणते कागद आधी करायचे आणि तयार लघुपट लोकांपर्यंत कसा न्यायचा, हे इथे क्रमाने मांडले आहे.

ही वाट आधी चाललेली माणसे

कमी पैशांतल्या सिनेमाची परंपरा मराठी मुलखात दादासाहेब फाळक्यांपासूनच सुरू होते. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांच्याजवळ मोठ्या चित्रपटासाठी पैसा नव्हता. मग त्यांनी मटार पेरला आणि रोपट्याची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो इवलासा चित्रपट दाखवून त्यांनी भांडवल मिळवले, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. एक रोप आणि चिकाटी एवढ्यावर त्यांचा पहिला लघुपट उभा राहिला.

मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 मध्ये गावातलीच माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून तिथे शॉट घेतले जात. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ही धडपड जगभर पोहोचवली.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकताना ‘पिस्तुल्या’ केला. शाळेत जायची ओढ असलेल्या पारधी पोराची ही छोटी गोष्ट 58 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाच्या पुरस्काराची मानकरी ठरली. पुढे मोठे यश मिळाल्यावरही ते लघुपटाकडे परतले. त्यांच्या ‘पावसाचा निबंध’ला 65 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

राज प्रीतम मोरे यांच्या ‘खिसा’मध्ये एका पोराला शाळेच्या शर्टाला मोठा खिसा हवा असतो, एवढीच गोष्ट आहे. ती लिहिली जालना जिल्ह्यातून आलेल्या कैलाश वाघमारे यांनी. 67 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मोरे यांचा पदार्पणाचा दिग्दर्शक म्हणून गौरव झाला. सांगलीच्या शेखर बापू रणखांबे यांच्या ‘रेखा’मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईला अंघोळ करायची असते, आणि तेवढ्यासाठी तिला किती झगडावे लागते ते दिसते. 69 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

शाळा, निबंध, खिसा, अंघोळ: प्रत्येक ठिकाणी एका माणसाला एकच साधी गोष्ट हवी आहे आणि तीच मिळत नाही. लघुपट यावरच उभा राहतो.

गोष्ट केवढी असावी

ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या नियमात श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरला जातो. पहिल्या प्रयत्नात मात्र 8 ते 12 मिनिटांच्या पुढे जाऊ नये. महोत्सवांना छोटा लघुपट कार्यक्रमात बसवायला सोपा जातो, आणि खर्चही मिनिटागणिक वाढत असतो.

लिहायच्या आधी आपल्याजवळ फुकट काय आहे याची यादी करा. मामाचे शेत, बंद पडलेली गिरणी, मित्राचा टेम्पो, आजीचा वाडा, शाळेची सुटीतली खोली, भारूड म्हणणारा शेजारी. गोष्ट या यादीतून काढली तर निम्मा खर्च कागदावरच वाचतो. आधी गोष्ट सुचून नंतर तिच्यासाठी पोलीस ठाणे, दवाखाना आणि पावसाचे भाडोत्री टँकर शोधत बसलात, तर सगळा वेळ जुळवाजुळवीत जातो. दोन-तीन जागा, तीन-चार पात्रे आणि शक्यतो एका दिवसात घडणारा प्रसंग, एवढी चौकट पुरेशी आहे. आणि पात्रे घरात बोलतात तशीच पडद्यावर बोलू द्या. पुस्तकी मराठीत त्यांचा जीव घुसमटतो.

छापील कथेवर लघुपट करायचा असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या अशा कथांवर लघुपट जरूर व्हावेत, पण लेखकाला विचारून. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत साहित्यावर हक्क असतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या संहितेवर ती लिहिल्या क्षणापासून तुमचा हक्क असतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी वाद झाल्यास ती उपयोगी पडते.

फोनचा कॅमेरा: हळदीच्या शिजवणीचे उदाहरण

आजचा बरा स्मार्टफोन लघुपटाला पुरतो, पण तो ‘ऑटो’वर सोडून चालत नाही. वसमत किंवा औंढ्याच्या शिवारात हळदीची शिजवणी टिपायची आहे असे धरा. काढणी झालेली हळद कुकरच्या ड्रममध्ये जाते, वाफ कोंडते, झाकण उघडले की पांढरा लोट उठतो आणि शिजलेली हळद वाळवायला पसरली जाते. चौकट पिवळी होताच फोनला वाटते की रंग बिघडला. तो स्वतःहून निळसरपणा मिसळतो आणि हळद फिकी दिसू लागते. म्हणून पांढऱ्या रंगाचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, आधीच पक्का करून ठेवायचा. वाफेचा लोट आला की फोन उजेडही कमी करतो आणि कामगाराचा चेहरा काळवंडतो. त्यासाठी एक्स्पोजरही कुलूपबंद करायचे. सकाळी किंवा दिवस कलताना सूर्य वाफेच्या मागे ठेवला तर वाफेत उजेड भरतो, आणि तोच लोट भर दुपारी सपाट दिसतो. वाफेजवळून लेन्सवर बाष्प साचते, तेव्हा खिशात कोरडे सुती फडके हवेच.

ही सगळी नियंत्रणे देणारे ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे ॲप आयफोनसाठी आणि अनेक अँड्रॉइड फोनसाठी मोफत मिळते. त्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा. याचे कारण आपल्या विजेत आहे. भारतात वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर या हिशेबात नसले तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. चित्रीकरणापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मेमरी मोकळी करा आणि पॉवर बँक भरून ठेवा. उजेड चेहऱ्यावर परतवायला थर्माकोलची पांढरी शीट किंवा धुतलेले धोतर पुरते. ट्रायपॉड साधा चालेल, पण हवाच.

आवाजाला आधी पैसा द्या

थोडे अंधारे चित्र प्रेक्षक सहन करतो. न समजणारा संवाद मात्र मिनिटभरही सहन करत नाही. म्हणून हातातल्या पैशांतून पहिली खरेदी मायक्रोफोनची करा. वायरचा साधा कॉलर माइक दुसऱ्या फोनला जोडून तो फोन पात्राच्या खिशात किंवा साडीच्या ओच्यात ठेवता येतो. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाळीचे चित्र आणि आवाज जुळवला की संकलनात दोन्ही फिती बरोबर बसतात. माइकला फोमची टोपी असू द्या, नाहीतर माळावरचा वारा सगळे संवाद खातो.

गावातल्या आवाजाचे वेळापत्रक काढणे हे दिग्दर्शकाचेच काम आहे. शेतीची थ्री-फेज लाइन त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, मोटारी कधी सुरू होतात, भोंगा किती वाजता लागतो, वरात कोणत्या दिवशी आहे, हे विचारून संवादाचे प्रसंग ठरवा. प्रत्येक जागेचा, कोणी न बोलता, अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दोन शॉटमधली पोकळी भरायला तो लागतोच.

कलाकार, लेकरे आणि जनावरे

गावातली माणसे उत्तम काम करतात, फक्त त्यांना त्यांचे नेहमीचे काम करता करता बोलू द्यावे लागते. भाकरी थापणारी बाई भाकरी थापताना जे सहज बोलेल, ते खुर्चीवर बसवून कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितल्यावर बोलणार नाही. पाठांतरापेक्षा प्रसंग समजावून सांगा. भजनी मंडळ, भारूड, गोंधळ, शाळेची गॅदरिंग यांतून आवाजाची फेक असलेली माणसे सापडतात. मानधन थोडे का होईना, प्रत्येकाला द्या; रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला तर आधी द्या.

लेकरांबाबत कायदा स्पष्ट आहे. बालकलाकाराला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, आईबापांची संमती लागते, शाळा बुडू द्यायची नाही, आणि लेकराच्या मानधनातला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत ठेवावा लागतो.

ग्रामीण लघुपट बहुतेक वेळा अडतो तो बैलापाशी. चित्रपटात जनावर वापरायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची, म्हणजे हरियाणातल्या बल्लभगडच्या कार्यालयाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी मागावी लागते. ती नसेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी लघुपट अडकून पडतो. ज्याला पुढे प्रमाणपत्र घ्यायचे आहे, त्याने बैल, शेळी, कोंबडी पटकथेत लिहितानाच याचा विचार करावा.

परवानग्या आणि आपसातला करार

खासगी शेत किंवा घरासाठी मालकाची लेखी संमती घ्या. औंढ्याच्या मंदिरात चित्रीकरण करायचे तर संस्थानाची, हिंगोलीच्या रेल्वे स्थानकावर रेल्वेची, बसस्थानकावर एसटी महामंडळाची, येलदरी-सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणावर जलसंपदा विभागाची परवानगी आधी मागा. गावात ग्रामपंचायतीला अर्ज द्या आणि पोलीस ठाण्यात कळवून ठेवा. गर्दी जमली तर तोच अर्ज कामी येतो. ड्रोन उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते बघा.

मित्रामित्रांत केलेल्या कामाचाही एका पानाचा करार असावा. कायद्याने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. तेव्हा निर्माता कोण, पैसा कोणी किती घातला, बक्षीस मिळाले तर वाटणी कशी, श्रेयनामावलीत कोणाचे नाव कुठे, हे पहिल्या दिवशीच लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. चांगले गट पैशाच्या तुटीपेक्षा न बोललेल्या गोष्टींवरून जास्त फुटतात.

वीस हजारांचा आराखडा

फोन हाताशी आहे असे धरून दोन-तीन दिवसांच्या चित्रीकरणासाठी 20,000 रुपयांची मांडणी साधारण अशी करता येईल. जेवण, चहा आणि प्रवासाला 7,000. माइक आणि आवाजाच्या साहित्याला 4,000. कलाकार आणि मदतनिसांच्या मानधनाला 4,000. मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्कच्या वाट्याला 2,000. उपशीर्षके आणि महोत्सवांच्या प्रवेश शुल्काला 3,000. आकडे तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलतील, पण दोन गोष्टी बदलू नका. जेवणाला कात्री लावू नका, कारण उपाशी गट दुपारनंतर काम करत नाही. आणि महोत्सवांचे पैसे चित्रीकरणात खर्च करू नका, नाहीतर तयार झालेला लघुपट हार्ड डिस्कमध्येच पडून राहतो.

संकलन, संगीत, उपशीर्षके

रोजचे चित्रण त्याच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. संकलनासाठी ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती किंवा पूर्णपणे मुक्त असलेले ‘केडेनलाइव्ह’ पुरेसे आहे. पहिली जोडणी झाली की विषय माहीत नसलेल्या माणसाला ती दाखवा आणि त्याचे लक्ष कुठे उडते तेवढे टिपून घ्या. बहुतेक पहिल्या लघुपटांना सुरुवातीचे मिनिटभर कापले की बळ येते.

संगीतात नवख्यांची हमखास गफलत होते. चित्रपटातले गाणे काही सेकंद वापरले तर चालते, असा कुठलाही नियम नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा ते गाणे ओळखते आणि तुमच्या जाहिरातीचा पैसा मूळ मालकाकडे वळू शकतो. महोत्सव तर परवान्याचा कागदच मागतात. संत नामदेवांचे अभंग सर्वांचे आहेत, पण एखाद्या गायकाने म्हटलेल्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर 60 वर्षे वेगळा हक्क असतो, आणि चाल अलीकडची असेल तर संगीतकाराचाही. मग नर्सीच्या किंवा आपल्याच गावच्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत अभंग म्हणवून घ्या, लेखी संमती घ्या आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत द्या. असे संगीत कुठल्याही विकतच्या सुरावटीपेक्षा लघुपटाला जास्त शोभते.

महोत्सवांसाठी इंग्रजी उपशीर्षके आवश्यक आहेत. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाचायला पुरेल एवढा वेळ. हे काम तालुक्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना दाखवून घ्या.

दाखवायचे कुठे आणि कोणत्या क्रमाने

पहिला खेळ ज्यांच्यावर लघुपट आहे त्यांच्यासाठी असावा. मराठी मुलखाला तंबू टॉकीजची जुनी सवय आहे. जत्रेत फिरणाऱ्या या सिनेमावाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. आता एक प्रोजेक्टर आणि पांढरी चादर असली की अंगणात निमंत्रितांसाठी खेळ लावता येतो. जाहीर प्रदर्शनाला, मग ते हिंगोलीच्या दसरा महोत्सवात असो की गणेश मंडळाच्या मांडवात, 1952 च्या चित्रपट कायद्याप्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ‘ई-सिनेप्रमाण’ या संकेतस्थळावर अर्ज करतात. राष्ट्रीय पुरस्कारांच्या स्पर्धेत उतरायलाही हे प्रमाणपत्र हवे.

दुसरी पायरी महोत्सवांची. जवळचा मोठा महोत्सव छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. मराठवाड्यातल्या लघुपटांसाठी तिथे स्वतंत्र स्पर्धाही घेतली जाते. 2002 पासून होणारा पुण्याचा ‘पिफ’ आणि गोव्याचा ‘इफ्फी’ आहेतच. माहितीपट आणि लघुपटांसाठीचा मुंबईचा ‘मिफ’ 1990 पासून दर दोन वर्षांनी होतो आणि आता तो राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. देशाबाहेरच्या अनेक महोत्सवांचे अर्ज ‘फिल्मफ्रीवे’ या एका ठिकाणाहून करता येतात. पैसे भरण्यापूर्वी त्या महोत्सवात मागच्या वर्षी कोणते चित्रपट दाखवले ते तपासा. शुल्क घेऊन सगळ्यांना बक्षीस वाटणाऱ्यांपासून लांब राहा.

यूट्यूब तिसऱ्या पायरीवर ठेवा. काही महोत्सव आधीच इंटरनेटवर खुला झालेला लघुपट घेत नाहीत, तेव्हा महोत्सवांची फेरी होईपर्यंत तो पासवर्डच्या दुव्यावरच असू द्या. नंतर मात्र तो नीट प्रसिद्ध करा: स्पष्ट नाव, एका चेहऱ्याचे चांगले चित्र, मराठी आणि इंग्रजी उपशीर्षके. जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी साधारणपणे 1,000 वर्गणीदार आणि वर्षभरात 4,000 तास पाहणी लागते. एका लघुपटावर ते क्वचित जमते. सातत्याने केले तर मात्र जमते. साताऱ्याकडची ‘गावाकडच्या गोष्टी’ ही वेबमालिका आणि बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांनी गावातच राहून मोठा प्रेक्षक उभा केला आहे.

वर्षभराचे वेळापत्रक

पेरण्या उरकल्या की जुलै-ऑगस्टमध्ये लिहायला बसा. पुण्याची एफटीआयआय तिच्या छोट्या अभ्यासक्रमांत स्मार्टफोनवरचे चित्रपटही शिकवत आली आहे, त्याकडे याच दिवसांत लक्ष ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कलाकार ठरवा, जागा बघा, परवानगीचे अर्ज टाका. बैल असेल तर जीवजंतू कल्याण मंडळाचा अर्ज सगळ्यात आधी. जानेवारी ते मार्च हळदीची काढणी-शिजवणी चालते, उजेड चांगला असतो आणि ऊन सोसवते. चित्रीकरण तेव्हाच करा. एप्रिल-मे संकलनाला, आणि जूनपासून महोत्सवांचे अर्ज.

पहिल्या लघुपटातून पैसे सुटले नाहीत तरी जिल्ह्यात माइक धरणारा, संकलन करणारी, अर्ज लिहिणारा असा पाच-सहा जणांचा गट तयार झालेला असतो. हा गट टिकवा, आणि पुढच्या वर्षी त्यातल्याच दुसऱ्या कोणाला तरी दिग्दर्शन करू द्या. एका जिल्ह्यातून दरवर्षी दोन-चार प्रामाणिक लघुपट निघू लागले, तर हिंगोली म्हणजे काय हे बाहेरच्या कोणी येऊन सांगायची गरज उरणार नाही.